गाड्या फोडणाऱ्या पोरांसमोर बसायचं का? पुनर्स्थापक न्यायाबद्दल मतं हवीत

मुठाकाठची

धनकवडीत राहते. मध्यंतरी एका रात्री आमच्या गल्लीत चार पोरं कोयते घेऊन शिरली आणि ओळीने लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडत गेली. पुणेकरांना ही बातमी पाठ आहे: 'वाहनांची तोडफोड, परिसरात दहशत'. भांडण दुसऱ्याच कुणाशी, तेही इन्स्टाच्या स्टेटसवरून. ज्याला शोधत होते तो सापडला नाही, म्हणून राग आमच्या गाड्यांवर. चौघंही पकडले गेले. तिघं अठराच्या आतले, एक एकोणीस वर्षांचा.

त्या तिघांतल्या एकाची आई आमच्याच भागात पोळ्या करायला जाते. ती सोसायटीच्या चेअरमनकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही सगळे बसा, मी पोराला समोर उभा करते. काय बोलायचं ते बोला, भरपाई हप्त्याने देऊ." त्यावरून कमिटीत उभी फूट पडली आहे.

कारवाल्यांना विम्याने हात दिला. पण मागच्या चाळीतले एक काका रिक्षा चालवतात, शाळेची मुलं सोडतात. त्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी. हूड कोयत्याने उभं फाडलंय, पुढची काच गेली, मीटर फुटलं. सीटच्या शिवणीत काचेचे कण इतके घुसले होते की झाडून निघेनात, शेवटी चिमट्याने काढले. शाळेची मुलं त्याच सीटवर बसतात ना. त्यांना आजवर एक रुपया कुणी दिलेला नाही.

याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात: गुन्हा करणाऱ्याने पीडितासमोर बसायचं, त्याचं ऐकायचं आणि नुकसान भरून द्यायचं. याबद्दल वाचायला लागले तर कळलं, जगात या विचाराची सुरुवात जवळपास अशाच घटनेने झाली. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओमध्ये, एल्मिरा गावी, दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी मोडतोड केली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की यांना प्रत्येक दारात नेऊ या. न्यायाधीशांनी ऐकलं. पोरं घरोघर गेली, लोकांचं ऐकून घेतलं आणि नुकसान भरून दिलं.

प्रश्न असे: हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? याने पोरं सुधारतात का? आणि आपल्याकडे कायद्यात बसतं का?

माझं मत आधीच सांगते. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात दोरी असेल तर बसावं. तसं नसेल तर तो निव्वळ तडजोडीचा बाजार होतो. आणि कोर्टाचं काम यासाठी थांबता कामा नये.

स्पष्टवक्ता

बसू नका. १९ मे २०२४, कल्याणीनगर. अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर चिरडले गेले आणि त्याच्या जामिनाला अट काय, तर तीनशे शब्दांचा निबंध. त्या दिवशी या असल्या गोड कल्पनांवरचा माझा विश्वास उडाला. तुमच्या गल्लीत आज काच फुटली, उद्या डोकं फुटेल.

पेठी

+१ स्पष्टवक्ता.

काळाकोट

स्पष्टवक्ता, तुमचा राग रास्त आहे, पण उदाहरण चुकीचं घेतलंय. निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम या जामिनाच्या अटी होत्या. गेलेल्या दोघांच्या आईवडिलांना काय हवंय, मुलाने त्यांच्यासमोर बसायचं, त्यांचं ऐकायचं, यातलं काहीही त्या अटींत नव्हतं. पुनर्स्थापक न्यायात पहिला प्रश्न असतो: नुकसान कुणाचं झालं आणि त्याची गरज काय? त्या आदेशात हा प्रश्नच नव्हता. त्याला सौम्यपणा म्हणा, उथळपणा म्हणा, पण या विचाराच्या खात्यावर टाकू नका.

आता ताईंच्या कायद्याच्या प्रश्नाकडे.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट तत्त्व आहे की मुलाच्या किंवा समाजाच्या हिताला बाधा येत नसेल तर कोर्टाच्या प्रक्रियेबाहेरच्या उपायांना प्रोत्साहन द्यावं. कलम १८ मध्ये बाल न्याय मंडळ (अल्पवयीनांची प्रकरणं तिथेच चालतात) मुलाला समज देऊन घरी पाठवू शकतं, गट समुपदेशन, समाजसेवा, दंड, प्रोबेशन असे आदेश देऊ शकतं, विशेष गृहातही ठेवू शकतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली एक तरी स्त्री असलीच पाहिजे. म्हणजे चौकट आहे. पण पीडिताला समोर बसवायची ठरलेली पद्धत कायद्यात लिहिलेली नाही, सगळं त्या त्या मंडळावर आणि प्रोबेशन अधिकाऱ्यावर अवलंबून.

अल्पवयीन एकटाच असेल आणि गुन्हा अतिगंभीर नसेल तर एफआयआर होत नाही, नुसती डायरीत नोंद होते. इथे चौथा एकोणीसचा आहे, त्यामुळे एफआयआर झालेला असणारच. एकोणीसवाल्याचा खटला नेहमीच्या कोर्टात जाईल.

गाडीचं खाजगी नुकसान हा भाग मालकाच्या संमतीने मिटवता येतो. कोयत्याचं, म्हणजे शस्त्र कायद्याचं कलम तुमच्या-आमच्या सहीने मिटत नाही. त्यामुळे 'बसलो की केस संपली' हे कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आणि सगळ्यांनी लक्षात ठेवावं: कोर्टाने दंड केला तर तो सरकारजमा होतो. त्यातून भरपाई द्यायचा आदेश कोर्टाने वेगळा दिला तरच काकांना काही मिळेल. हूड शिवायचे पैसे निकालातून आपोआप येत नाहीत.

निवृत्त फौजदार

पस्तीसेक वर्षं खात्यात काढली. माफीनामे फार पाहिलेत. त्यातले बरेचसे माझ्याच टेबलावर लिहिले गेले. पद्धत ठरलेली. तक्रारदार गरीब, समोरचा वजनदार. दोन पंच आणायचे, 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं लिहून घ्यायचं, चहा पाजून घरी पाठवायचं. याला तुम्ही परदेशी नाव दिलं म्हणून ते पवित्र होत नाही.

दुसरं असं की मोठे गुंड अल्पवयीनांना मुद्दाम पुढे करतात, कारण त्यांना माहीत आहे की पोरगं लवकर बाहेर येतं. तुम्ही समोर बसवाल त्या पोराला, पण त्याच्या हातात कोयता देणारा 'भाई' बैठकीच्या त्या वर्तुळात येणार आहे का?

मुठाकाठची

फौजदार काका, वजनदार लोकांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण इथे उलटं आहे. पोराची आई पोळ्या करते, आणि सोसायटीत दोन बिल्डर राहतात. इथे दबाव आलाच तर तो आमच्याकडून त्या बाईवर येईल. मला त्याचीही काळजी वाटते.

बंड्या ऑकलंडवाला

इथे न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यापासून अल्पवयीनांच्या बाबतीत हेच मुख्य दार आहे, फक्त खून आणि सदोष मनुष्यवधासारखे गुन्हे त्यातून वगळलेत. नाव फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स. इथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाची तक्रार होती की आमची मुलं तुम्ही आमच्या घरांतून उचलून संस्थांत टाकता. त्यातून हा कायदा आला. २०१९ पासून सतरा वर्षांची मुलंही यात घेतात.

शेजारच्या एका कुटुंबाबरोबर आधार म्हणून मी एका बैठकीला होतो, म्हणून थोडं सांगतो. समन्वयक, पोलीस अधिकारी, मुलाचे आईवडील, आजी, काका-मामा, वकील, आणि ज्यांचं दुकान फोडलं ते बाप-लेक. आधी पोलिसाने काय घडलं ते वाचलं. मुलाला विचारलं, हे खरं आहे का? 'हो' म्हटल्यावरच पुढे जातात. मग दुकानदार बोलला. तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला की त्या दिवसापासून त्याची मुलगी संध्याकाळी गल्ल्यावर बसत नाही. मुलगी शेजारीच बसली होती, तिने मान वर केली नाही.

त्यानंतर बाकी सगळे खोलीबाहेर जातात आणि फक्त घरचे आत बसतात. कायद्यानेच हा एकांत दिलेला आहे. घरचे मिळून योजना मांडतात: पैसे किती, कसे, शाळेचं काय, रात्रीचं बाहेर जाणं बंद. पीडिताला आणि पोलिसाला ती पटली तर लिहून काढतात. मोडली तर प्रकरण कोर्टात.

मला त्यात सगळ्यात ताकदीची वाटली ती आजी. न्यायाधीश जे बोलू शकला नसता ते ती बोलली.

पेठी

सगळं मान्य. पण वर्तुळात बसून दुसऱ्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायचं, हे पुण्यात जमेल का?

आकडेमोड

जो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला पार्किंगच्या विषयावर पूर्ण वेळ बसला, तो कुठेही बसू शकतो.

विनोद बाजूला. 'परिणाम होतो का' या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण यात दोन्ही बाजूंनी फेकाफेक चालते.

चांगला पुरावा म्हणजे जिथे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं की कुणाचं प्रकरण बैठकीला जाईल आणि कुणाचं नेहमीच्या मार्गाने. हेदर स्ट्रँग, लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा १० प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. एकूण १,८८० आरोपी. निष्कर्ष: पुढच्या दोन वर्षांतले गुन्हे सरासरीने कमी झाले, पण घट माफक. चमत्कार नाही. पीडितांच्या बाजूचा परिणाम मात्र जास्त ठळक होता: समाधान जास्त, सूडाची इच्छा कमी.

आता तीन गोष्टी, ज्या उत्साही लोक गाळतात.

एक, यातल्या बहुतेक प्रयोगांत आधी संमती आणि मग चिठ्ठी असा क्रम होता. म्हणजे निष्कर्ष बसायला तयार असलेल्यांना लागू. ओढून आणलेल्यांचं काय होतं ते यातून कळत नाही.

दोन, सगळीकडे सारखं घडलं नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये नव्वदच्या दशकात जे प्रयोग झाले त्यात हिंसक गुन्हे करणाऱ्या तरुणांत चांगली घट दिसली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांत दिसली नाही. आणि चोऱ्या-मोडतोडीच्या गटातल्या आदिवासी तरुणांत उलट वाढ झाली. गोऱ्या पोलिसाने चालवलेल्या बैठकीत त्या मुलांना काय वाटलं असेल, याचा विचार करा.

तीन, सर्वसाधारण समज असा की 'किरकोळ गुन्ह्यांना हे ठीक, गंभीर गुन्ह्यांना नको'. आढाव्यात उलट दिसलं. मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसक गुन्ह्यांत परिणाम अधिक. कारण तिथे समोर जखम झालेला माणूस असतो. फुटलेल्या काचेची लाज वाटत नाही.

मुठाकाठची ताई, तुमच्या प्रकरणात काका समोर असतील तरच याला अर्थ. चेअरमन आणि सेक्रेटरीसमोर उभं करून उपयोग शून्य.

सावित्रीची लेक

आकडेमोड यांच्या तिसऱ्या मुद्द्यावर मला जोरात ब्रेक लावायचा आहे. 'गंभीर गुन्ह्यांत जास्त परिणाम' हे वाक्य आपल्याकडे कुणाच्या हातात पडेल याचा विचार करा. बायकांना 'समोरासमोर बसून मिटवा' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातंय. नवरा मारतो, समुपदेशनाला बोलावतात, तो दोन अश्रू ढाळतो, ती परत जाते. मी अशा बायकांबरोबर काम करते. परत गेल्यावर मार वाढतो, कारण आता त्याला माहीत असतं की तक्रारीने काही होत नाही.

बलात्काराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बजावलं की इथे तडजोडीला जागा नाही. तरीही २०२० मध्ये मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली गेली की पीडितेकडून राखी बांधून घे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती रद्द केली. राखी! ज्या हाताने अंगाला हात घातला त्याच हाताला.

माफी हा पीडितेवर लादलेला गृहपाठ होऊ नये. जिथे दोघं उद्या एकाच घरात झोपणार आहेत, किंवा एकाचा पगार दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे वर्तुळ वगैरे मला मान्य नाही.

काळाकोट

सावित्रीची लेक, पूर्ण सहमत. सर्वोच्च न्यायालयाने ज्ञान सिंग प्रकरणातही (२०१२) हीच रेघ ओढली आहे. मुख्यतः दोन व्यक्तींमधला, दिवाणी वळणाचा वाद असेल तर उच्च न्यायालय समझोत्यावरून खटला रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा यांत नाही.

जुन्नरी

आमच्याकडं याचं मराठी रूप येऊन गेलंय की. तंटामुक्त गाव मोहीम, १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आर. आर. आबा गृहमंत्री व्हते. गावागावात समित्या, मिटवलेल्या तंट्यांना गुण, गावाला बक्षीस.

खरं सांगू का, बांधाची भांडणं लई मिटली. आमच्या चुलत्यांची आणि शेजाऱ्याची केस दोन पिढ्या चालली व्हती, एका उंबराच्या झाडावरनं. समितीनं दोघांना बांधावर उभं केलं, मोजणी मान्य करायला लावली, झाड दोघांचं ठरलं. जी भांडणं कोर्टात चपला झिजवत व्हती ती बांधावर मिटली. याचं श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण बक्षीस लागलं की आकडा लागतो. मंग एखादी बाई पोलीस ठाण्यात निघाली की चार जण वाटंत आडवी. 'वैनी, गाव तंटामुक्त हाय, बक्षीस जाईल.' हे मी डोळ्यानं बघितलंय. मिटवायचं म्हणून मिटवलं की तंटा संपत न्हाई, आत जातो.

भीमथडी

जुन्नरी भाऊंनी दार उघडलंच आहे तर मी आत येतो.

'समाजाने मिळून न्याय करावा' हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. कुठला समाज? वर्तुळात कोण बसणार आणि बाहेर कोण उभा राहणार? महाराष्ट्रात जातपंचायतींनी समाजाच्याच नावाने कुटुंबांची कुटुंबं वाळीत टाकली. पाणी बंद, लग्नं बंद, मयताला खांदा बंद. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी ती प्रकरणं वर्षानुवर्षं लावून धरली तेव्हा कुठे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला. ॲट्रॉसिटीची केस झाली की सगळ्यात आधी गावातले 'समजूतदार' लोक समेटाला येतात. आम्हाला फौजदारी कायदा का प्रिय आहे हे समजून घ्या. कागदावर का होईना, तिथे सरपंच आणि आम्ही सारखे असतो.

मी या कल्पनेच्या पूर्ण विरोधात नाही. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाबद्दल बरंच वाचलंय. पण तिथेही बघा. माफीसाठी सगळं खरं सांगणं आणि गुन्ह्यामागचा हेतू राजकीय असणं पुरेसं होतं, पश्चात्ताप दाखवायची अट नव्हती. ज्यांना माफी मिळाली त्यांना ती लगेच लागू झाली. पीडितांच्या हातात २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड पडले, आयोगाने शिफारस केली होती त्यापेक्षा खूपच कमी. आयोगाचे अध्यक्ष डेस्मंड टुटू यांच्याबद्दल आदर ठेवूनच म्हणतो, सलोखा आधी आणि भरपाई मागून हा क्रम गरिबाला नेहमी महाग पडतो.

म्हणून ताईंना सरळ सांगतो. काकांच्या रिक्षाचं काम आधी. बसणं नंतर.

पेठी

अवांतर: आपल्याकडे औंधात १९३९ पासून कैद्यांची खुली वसाहत होती ना? भिंती नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंब सोबत.

बंड्या ऑकलंडवाला

औंधात? ब्रेमेन चौकाजवळ?

पेठी

अहो, औंध संस्थान! भवानराव पंतप्रतिनिधींचं. वसाहत आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची. पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ऑकलंडला जाऊन माणूस परिहार चौकाच्या पलीकडे विचारच करत नाही.

आकडेमोड

स्वतंत्रपूर थोर आहेच, पण ते कैद्याच्या पुनर्वसनाचं उदाहरण. तिथे पीडित कुठे आहे? हा फरक धाग्यात सुटू नये.

शुभदा

पीडिताबद्दल सगळेच लिहिताय, तर एका पीडितेने लिहावं.

सकाळी फिरायला गेले असताना माझं मंगळसूत्र ओढलं. मोटारसायकलवर दोघं. मानेवर वळ उठला, पडले, मनगट मोडलं. पुढे मुलगा सापडला, सोनंही मिळालं, पण ते 'मुद्देमाल' होतं. माझ्या सासूबाईंनी घातलेलं मंगळसूत्र मला सुपूर्तनाम्यावर, कोर्टात अर्ज करून सोडवून घ्यावं लागलं. खटल्यात मी साक्षीदार क्रमांक अमुक. एकदा साक्ष झाली, 'ओळखता का' विचारलं, 'हो' म्हटलं, संपलं. शिक्षा झाली का ते मला कुणी कळवलं नाही.

मला त्याला माफ करायचं नव्हतं, आजही नाही. मला एकच विचारायचं होतं: मीच का? माझ्यावर पाळत ठेवली होती का? माझं घर माहीत होतं का? कारण त्यानंतर कित्येक महिने मी मागून गाडीचा आवाज आला की भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. त्याने 'तुम्ही दिसलात म्हणून' एवढं जरी सांगितलं असतं ना, तरी मी सुटले असते. हे उत्तर जगात फक्त त्याच्याकडे होतं, आणि विचारायची सोय कुठेच नव्हती.

त्यामुळे माझं मत बसावं असं. पण माफीची अपेक्षा ठेवून कुणी बसवू नये.

सावित्रीची लेक

शुभदा ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'माफ करायचं नव्हतं, विचारायचं होतं' हे मी माझ्या कामात लक्षात ठेवीन.

येरवड्याची ताई

विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांसोबत बरीच वर्षं काम करते. जे बघते ते लिहिते.

पहिली गोष्ट, पाठ केलेली माफी. पोरं आत आल्यावर दोन दिवसांत शिकतात. मान खाली, हात मागे, 'मॅडम चुकी झाली, परत नाय होणार.' कुणासमोर काय बोलायचं याचा त्यांना आपल्यापेक्षा जास्त सराव असतो. अशा पोराला उद्या काकांसमोर नेलंत तर काकांचा अपमान होईल.

दुसरी गोष्ट, त्यांना नुकसान दिसतच नाही. एका मुलाला मी विचारलं, गाडी फोडलीस त्याचं पुढे काय झालं असेल? तो शांतपणे म्हणाला, "इन्शुरन्स असतो ना." त्याला खरंच वाटत होतं की कुणाचंच काही जात नाही. मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. रिक्षा उभी, दिवसाची कमाई गेली, बँकेचा हप्ता आहेच, मीटरची दुरुस्ती, शिवाय दुरुस्त मीटर पुन्हा तपासून सील करून घ्यायचं. तो हिशेब त्याच्याच हाताने करवून घेतला. बेरीज झाल्यावर गप्प बसला आणि म्हणाला, "माझा मामा पण रिक्षाच चालवतो." माफीचं बोलणं यानंतर सुरू होतं. बैठकीआधी त्या मुलाशी आणि पीडिताशी वेगवेगळं, पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. तयारीशिवाय बसवणं म्हणजे दोघांना उघड्यावर सोडणं.

तिसरी गोष्ट, धिंड. गाड्या फोडणाऱ्यांना त्याच गल्लीत फिरवतात, उठाबशा काढायला लावतात, व्हिडिओ फिरतो. लोकांना बरं वाटतं, मी समजू शकते. पण त्यातली काही पोरं तोच व्हिडिओ पुढे स्वतःच्या अकाउंटवर टाकतात, खाली गाणं लावून. ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्येच मांडलंय की लाज दोन प्रकारची. एक तुला कायमचा गुन्हेगार ठरवते, दुसरी तू केलेल्या कामाची लाज वाटायला लावते आणि तुला परत घरात घेते. धिंड पहिल्या प्रकारची. पोरगं त्या शिक्क्याचा मुकुट करतं.

फौजदार साहेबांच्या 'भाई'च्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पोरगं परत त्याच कट्ट्यावर जाणार असेल तर कितीही सुंदर बैठक झाली तरी ती टिकत नाही. म्हणून योजनेत संध्याकाळी सहा ते दहा तो कुठे असेल आणि कोण बघेल हे लिहिलेलं हवं. भरपाईइतकंच ते महत्त्वाचं.

निवृत्त फौजदार

ताई, ही शेवटची ओळ माझ्या मनातली लिहिलीत. सहा ते दहा. सगळे गुन्हे तिथेच शिजतात.

तरी एक आग्रह धरतो. एकोणीसवाल्याला यात घेऊ नका. तो टोळीचा निरोप्या असण्याची शक्यता जास्त. त्याच्यासमोर काकांना बसवलंत तर काका उद्या घराबाहेर पडताना दहा वेळा विचार करतील. आधी काकांची सुरक्षितता.

मुठाकाठची

सगळ्यांचे आभार. धागा वाचून काल काकांकडे गेले. आजवर कमिटीतल्या कुणीही त्यांना विचारलं नव्हतं की तुम्हाला काय हवंय! सगळी चर्चा त्यांच्या डोक्यावरून चालली होती. काकूंनी चहा केला, काका बराच वेळ मीटरच्या पावत्या शोधत होते. मग एकेक करून बोलले, तसंच लिहिते.

हूड, काच आणि मीटरचे पैसे आधी. हप्त्याने चालतील, पण पहिला हप्ता हातात पडल्यावरच बसणार. पैसे पोराच्या आईने तिच्या कमाईतून द्यायचे नाहीत. "ती बाई आधीच मेलेली आहे, तिला कशाला मारता," असं म्हणाले. पोराने काम करून द्यायचे. एकोणीसवाल्याचं तोंड बघायचं नाही. आणि 'तक्रार नाही' असल्या कागदावर सही करणार नाहीत.

शुभदा ताई, त्यांनाही एक प्रश्न विचारायचा आहे. रिक्षात मागे शाळेच्या मुलांची नावं लिहिलेली पाटी होती, दिसली नाही का, एवढंच.

काळाकोट

काकांच्या अटी उत्तम आहेत. काही गोष्टी सांभाळा.

हे सगळं प्रोबेशन अधिकाऱ्याला सांगून, मंडळाच्या कानावर घालून करा, म्हणजे पुढे 'साक्षीदाराला फितवलं' असा आरोप कुणावर येणार नाही. पोराचं काम काय हे बघा, १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. बैठकीत मोबाईल बंद. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, नाव, आईचं नाव, काहीही नको. आणि काकांना कुठल्याही क्षणी उठून जाता आलं पाहिजे, कुणीही 'अहो बसा ना' म्हणायचं नाही.

भीमथडी

ताई, बिल्डर मंडळींना त्या खोलीत घेऊ नका. काका, काकू, पोरगा, त्याची आई, आणि एखादा मामा-काका. पुरे झालं.

येरवड्याची ताई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. काकांना आणि मुलाला आधी वेगवेगळं भेटायला मी येईन. तारीख एवढ्यात ठरवू नका.

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही. हे पोरगं सुधारलं तरी दुसरं कोयता उचलणार, आणि त्याला कोर्टाची भीती असली पाहिजे. पण काकांना आजवर कुणी विचारलं नव्हतं हे वाचून वाईट वाटलं. मीटरचे पैसे मी देतो, खाते क्रमांक पाठवा.

मुठाकाठची

स्पष्टवक्ता, मनापासून आभार, पण नको. काल चेअरमनही वर्गणीचं बोलले होते, काकांनी साफ नाही सांगितलं. फोडलं कुणी आणि देणार कोण, असं म्हणाले. त्यांना ते पैसे त्या पोराच्याच हातून हवेत.